एक युरोची कॉफी : तोरिनो ते नापोली

तोरिनो (आपलं ट्युरिन) ते नापोली (नेपल्स), वाटेत एस्प्रेसो, म्हणजे दाबानं काढलेली छोटी कडक कॉफी, चाखायची आणि वहीत गुण लिहायचे, असा बेत. ठरवलं होतं ते एवढंच. साखळी दुकानांत पाऊल टाकायचं नाही, दुधाची कॉफी घ्यायची नाही, आणि जिथे लोक उभ्यानं पितात तिथे आपणही उभ्यानंच प्यायची. इटलीत गल्लीतल्या कॉफीच्या दुकानाला बार म्हणतात. काउंटरपाशी उभं राहून घेतलेली एस्प्रेसो युरो-सव्वा युरोत मिळते. तीच खुर्चीवर बसून मागवली की बिल दुप्पट होतं, आणि खुर्ची मोठ्या चौकातली असेल तर त्याहूनही वर जातं. तेव्हा आमचा नियम काही फार तात्त्विक नव्हता, खिशाला परवडणाराही होता.

एस्प्रेसो कशी असावी हे कागदावर मांडून ठेवणारी एक संस्था इटलीत आहे. तिच्या मते सात ग्रॅम पूड, ८८ अंशांच्या आसपास पाणी, नऊ बार (हे दाबाचं एकक, दुकान नव्हे) इतका दाब, २५ सेकंद, आणि कपात साय, म्हणजे कॉफीवरचा तांबूस फेस, धरून २५ मिलिलिटर. थोडं इकडेतिकडे चालतं. मी आकडे पाठ करून निघालो होतो. थर्मामीटर मात्र घरीच ठेवला, नाहीतर बारवाल्यांनी हाकललं असतं.

सोमवार, तोरिनो

भाचा इथल्या पॉलितेक्निकोत शिकतो. राहतो सान साल्वारिओ भागात, पोर्ता नुओवा स्टेशनाच्या जवळच. खालच्या बारमध्ये त्याला नावानं हाक मारतात. सकाळी मी खुर्ची ओढायला गेलो तर म्हणाला, "मामा, बसतोस कुठे? बसलास की मेन्यू येणार, मग बिलाची वाट बघत बसायचं. इकडे ये."

त्याचं खरं होतं. काउंटरपाशी उभं राहिलं की सगळा कारखाना डोळ्यांसमोर असतो. मशीनवर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी पूड भरायच्या गाळणीचं हँडल सोडवलं, जुन्या चोथ्याची वडी खालच्या खणात दणकन आपटून पाडली, फडक्यानं आतून एकदाच पुसलं. ग्राइंडरखाली धरून खटका दोनदा ओढला, पूड दाबली, कडेला चिकटलेले कण अंगठ्यानं झाडले. मशीनमधून क्षणभर नुसतं पाणी सोडलं, मग हँडल बसवलं. कप वरच्या पत्र्यावरून घेतला, म्हणजे आधीच गरम झालेला. हे सगळं करताना त्यांचं बोलणं शेजारच्या म्हाताऱ्याशी चालू होतं, आणि हाताकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पहिले चार-पाच सेकंद काहीच पडलं नाही. मग थेंब, मग धार. ही धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक आणि किंचित वळलेली हवी, असं इथले लोक म्हणतात. तशीच होती.

कॉफी तीन घोटांत संपली. कडवट, पण जळकी नाही. शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याचा वास जिभेवर राहिला. मी वहीत 'उत्तम' लिहिलं.

दुपारी साडेतीनला मुद्दाम त्याच बारमध्ये गेलो. बाई त्याच, मशीन तेच, कप तोच. आणि कॉफी निराळी! साय पातळ, चव सपाट, मागे कागदासारखा कोरडेपणा. कारण ग्राइंडरच्या पुढच्या डब्यात होतं. जुन्या पद्धतीच्या ग्राइंडरमध्ये दळलेली पूड डब्यात साठते आणि खटका ओढला की तिथून पडते. सकाळी रांग असते, डबा भरतो न भरतो तोच रिकामा होतो. दुपारी गिऱ्हाईक नाही, पूड तशीच पडून राहते, आणि दळलेल्या कॉफीचा वास मिनिटांत उडायला लागतो. बारला गुण देताना वेळ लिहिली नाही तर ते गुण कशाचे, हे सांगता यायचं नाही. म्हणून त्या दिवसापासून वहीत जागेच्या नावाआधी घड्याळ आलं.

तोरिनोला यायचं आणखी एक कारण होतं. वाफेनं कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट इथल्याच आंजेलो मोरिओंदोनं १८८४ साली घेतलं. त्याचं हॉटेल होतं, बार होता, आणि गिऱ्हाइकांना थांबायला वेळ नव्हता. त्या वर्षीच्या तोरिनोच्या प्रदर्शनात त्यानं यंत्र मांडलं. पण ते एकेक कप काढणारं नव्हतं, एकदम घाणा काढणारं होतं. त्यानं ते विकायला फारसं काढलंही नाही, आपल्याच दुकानांत वापरलं. त्यामुळे नाव दुसऱ्यांचं झालं.

संध्याकाळी कोन्सोलाता चर्चसमोरच्या 'अल बिचेरीन'मध्ये गेलो. हे दुकान १७६३ पासूनचं. कॉफी, घट्ट चॉकलेट आणि वर दुधाची साय, असं काचेच्या पेल्यात थरांनी येतं आणि ढवळायचं नसतं. मी चमचा उचलला तेव्हा भाच्यानं हातच धरला. ही एस्प्रेसो नव्हे, तेव्हा परीक्षेत धरली नाही. जागा मात्र बघण्यासारखी: लाकडी भिंती, संगमरवराची इवलीशी टेबलं, त्यावर मेणबत्ती, आणि शेजाऱ्याचं कोपर आपल्या बशीत.

मंगळवार, मिलानो

तासाभराचा प्रवास. भाचा कॉलेज बुडवून बरोबर आला. त्याच्या आईला हे कळवायचं नाही असं ठरलं आहे.

मिलानोनं मोरिओंदोचं राहिलेलं काम पुढे नेलं. लुइजी बेझेरानं १९०१ साली एकेका कपापुरती पूड हँडलमध्ये भरायची युक्ती पेटंट केली. देसिदेरिओ पावोनीनं ते पेटंट विकत घेऊन यंत्रं बाजारात आणली. पण ती चालायची नुसत्या वाफेच्या जोरावर, दाब जेमतेम दीड बार. कॉफी झटपट व्हायची, पण करपट, आणि वर साय नाही. आज एस्प्रेसो म्हटलं की जी तांबूस साय डोळ्यांपुढे येते ती आकिल्ले गाज्जाची देणगी. त्यानं वाफ बाजूला ठेवली आणि दट्ट्यानं पाणी दाबलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, लिव्हरचं, म्हणजे दांडा ओढून चालवायचं, मशीन आलं. दाब एकदम आठ-नऊ बारवर गेला. आधी लोकांना वाटलं, हा वर फेस कसला आलाय? म्हणून गाज्जानं मशीनवरच लिहून टाकलं, नैसर्गिक कॉफीची साय. हा माणूस व्यापारी होता!

हे सगळं लोखंड एकत्र बघायचं तर शहराबाहेर बिनास्कोला चिंबाली कंपनीचं संग्रहालय आहे. आधी वेळ ठरवून गेलो. बॉयलर उभे होते तेव्हाची, माथ्यावर गरुड बसवलेली पितळी मशीनं आहेत. मी सगळ्यांत जास्त रेंगाळलो फाएमा कंपनीच्या ई-६१ पाशी. १९६१ सालचं हे मशीन, त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव ठेवलेलं. यात लिव्हर ओढायचं काम विजेच्या पंपाकडे गेलं. दाब शेवटपर्यंत सारखा राहू लागला. बॉयलर त्याआधीच आडवा होऊन मशीन बुटकं झालं होतं. बुटकं झालं म्हणजे बारवाल्याचं तोंड गिऱ्हाइकाला दिसू लागलं. बारमधल्या गप्पांना या आडव्या बॉयलरचा केवढा हातभार लागला असेल!

परत येऊन दोन दुकानं केली. पहिलं पोर्ता वेनेत्सियाजवळ, नव्या पिढीचं. इथिओपियाचे हलके भाजलेले दाणे, कप येईपर्यंत तोलून-मापून काम, वजनकाट्यावर कप ठेवूनच धार सोडलेली. किंमत नेहमीच्या दुप्पट. पहिला घोट चक्क लिंबाचा, मग जर्दाळू, मग लांबपर्यंत गोडवा. कपापुरतं बोलायचं तर तोरिनोपेक्षा सरस. पण वीस मिनिटांत तिथे एक माणूस दुसऱ्याशी बोलला नाही. सगळे लॅपटॉपात. मी मुलाला विचारलं, एवढी आंबट का? त्यानं शेताची उंची सांगितली.

दुसऱ्या दुकानाचं नाव लिहीत नाही. पितळी दिवे, झुलणारी झाडं, भिंतीवर निऑनची अक्षरं. दारातूनच ग्राइंडरचा वरचा काचेचा डबा दिसत होता: आतून तेलकट तपकिरी थर, कित्येक दिवसांत धुतलेला नाही. ते तेल खवट होतं आणि पुढच्या प्रत्येक कपात उतरतं. दूध तापवायच्या नळीवर वाळलेल्या दुधाची पुटं. माझ्या कपावरची साय फिक्कट, पांढुरकी. म्हणजे पाणी पुडीतून धावत सुटलेलं. भाचा म्हणाला, "मामा, फोटो मात्र छान येतो हं." म्हणून तर चाललंय.

स्टारबक्सचं अवाढव्य दुकान कोर्दुझिओ चौकात जुन्या पोस्टाच्या इमारतीत आहे, २०१८ पासून. ही साखळी वाढवणाऱ्या हॉवर्ड शुल्ट्झला १९८३ मध्ये याच शहरातले बार बघून कल्पना सुचली, म्हणजे नातू आजीच्या घरी राहायला आला म्हणायचं. नियम होता म्हणून बाहेरूनच पाहिलं.

बुधवार, गाडीत

भाचा परत गेला. स्टेशनच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची. मगच बारवाला तुमच्याकडे बघतो. मेस्त्रेला गाडी बदलली. मोन्फाल्कोनेनंतर उजव्या हाताला एकदम समुद्र आला तो त्रिएस्तेपर्यंत सोबत राहिला. पोचेपर्यंत अंधार पडला.

गुरुवार, त्रिएस्ते

या गावात कॉफी मागायची भाषाच वेगळी आहे. एस्प्रेसो हवी तर 'नेरो' म्हणायचं. 'कापो' म्हटलं की वर थेंबभर दूध घातलेली, आणि 'कापो इन बी' म्हटलं की तीच छोट्या काचेच्या पेल्यात. बाहेरगावचा कोण हे पहिल्या वाक्यातच कळतं. मी "उन नेरो" म्हणालो, बारवाल्यानं भुवया उंचावल्या, आणि कप पुढे सरकवताना काहीतरी पुटपुटला ते बहुधा कौतुकच असावं.

१७१९ साली ऑस्ट्रियाचा हॅब्सबर्ग सम्राट सहाव्या चार्ल्सनं या बंदराला जकातमुक्त केलं. व्हिएन्नाची कॉफी इथून जाऊ लागली, आणि पुढे साम्राज्य गेलं तरी कॉफीची पोती राहिली. भाजणारे, चाखणारे, दलाल, गोदामवाले असं सगळं गावच या धंद्यात गुंतलेलं. फ्रान्चेस्को इली हा मूळचा आजच्या रोमानियातल्या तिमिश्वारा शहराचा. पहिल्या महायुद्धानंतर तो इथे स्थिरावला आणि १९३३ साली त्यानं इली ही कॉफीची कंपनी काढली. त्याचा मुलगा एर्नेस्तो रसायनशास्त्रज्ञ. एस्प्रेसोच्या कपात नेमकं काय घडतं याचा शोध घेण्यात त्यानं आयुष्य घातलं.

मला गंमत वाटली ती कावाना भागातल्या एका छोट्या भट्टीवाल्याकडे. लाकडी खणांत दाणे, प्रत्येकावर देशाचं नाव, आणि एका खणावर इंडिया. रोबस्टा होती, म्हणजे कॉफीची कडवट, कडक जात. मालकीणबाईंना मी कुठला ते सांगितल्यावर त्यांनी मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले. इटालियन मिश्रणांत भारतीय कॉफी असते हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आपल्या कॉफीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे. कूर्ग-चिकमगळूरकडची धुतलेली रोबस्टा इथे दाट साय आणि तोंडात जाणवणाऱ्या भरदारपणासाठी वापरतात. तिच्याबरोबर मॉन्सून्ड मलबार. शिडाच्या जहाजांतून युरोपला यायला महिनोन्‌महिने लागायचे, तेव्हा दमट हवेनं दाणे फुगून पिवळट व्हायचे आणि आंबटपणा जायचा. जहाजं वेगवान झाली तशी ती चव गेली, आणि युरोपच्या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. तेव्हापासून मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळाभर गोदामाच्या भिंती उघड्या ठेवून दाण्यांना मुद्दाम ते वारं खाऊ घालतात. आपण सप्टेंबरमध्ये पापड दमट झाले म्हणून कुरकुरतो, आणि तिकडे त्याच हवेचे पैसे होतात.

सायीबद्दल मात्र बाईंनी एक बजावलं. दाट साय म्हणजे चांगली कॉफी असं नाही. रोबस्टा घातली की साय आपसूक दाट येते. रंग बघा, मोठे बुडबुडे आहेत का बघा, साखर टाकली तर क्षणभर वर तरंगते का बघा. आणि मग हे सगळं विसरून प्या.

दुपारी काफे सान मार्को. १९१४ सालचं. पुढच्याच वर्षी इटली पहिल्या महायुद्धात उतरल्यावर ऑस्ट्रियन सैनिकांनी याची मोडतोड केली होती, कारण इटलीत सामील व्हायला निघालेली मंडळी इथे जमायची. आता आत पुस्तकांचं दुकान आहे. काळपट सोनेरी छत, भिंतीवर मुखवट्यांची चित्रं, कॉफीच्या पानांची नक्षी, लोखंडी पायांची संगमरवरी टेबलं. इथे मी बसलो. बसायला वेगळे पैसे पडले आणि ते वसूल झाले. एक बाई गठ्ठाभर पेपर तपासत होत्या. एक कप, एक पेला पाणी, आणि सगळी दुपार. कुणी येऊन "आणखी काही?" असं विचारलं नाही. वातावरण म्हणतात ते फर्निचरमध्ये शोधायला मी गेलो असतो, तर मिलानोच्या पितळी दिव्यांनाच जास्त गुण पडले असते. मी आता दोनच गोष्टी बघतो. आत शिरल्यावर काउंटरमागच्या माणसाची नजर किती वेळात आपल्यावर पडते, आणि कप रिकामा झाल्यावर ती किती वेळ पडत नाही.

शुक्रवार, त्रिएस्ते

बोरा वारा सुटला. छत्र्या उलट्या, कचऱ्याचे डबे रस्त्याच्या मधोमध. सकाळी चार बार करायचा बेत होता, एकातच अडकलो. त्या बारमध्ये अख्खी गल्ली अडकली होती. काउंटरपाशी तीन रांगा, काचा घामेजलेल्या, आणि माझी 'नेरो' माझ्यापर्यंत दोन अनोळखी हातांतून आली. बशीत थोडी सांडली. वहीत चवीच्या रकान्यात काही लिहिलेलंच नाही.

रविवार, नापोली

शनिवार सगळा गाडीत गेला. इटली वरून खालपर्यंत खिडकीतून पाहिली आणि कॉफी मशीनमधल्या कागदी कपात घेतली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

नापोलीत कप उकळत्या पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. बारवाला चिमट्यानं काढतो, झटकतो, आणि तसाच हँडलखाली ठेवतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. ओठ असा भाजला की डोळ्यांत पाणी. शेजारच्या माणसानं हसून खूण केली: कडेवरून जरा कॉफी फिरवून घ्यायची, म्हणजे कड निवते. आधी पेलाभर पाणी येतं ते तोंड स्वच्छ करायला. मागाहून पिऊ नका, बारवाल्याला वाटेल की चव घालवायची घाई आहे.

इथे लिव्हरची मशीनं अजून सर्रास चालतात. बारवाला दांडा खाली ओढतो, आतली स्प्रिंग दबते, सोडला की दांडा सावकाश वर चढतो आणि दाब उतरत जातो. एका वेळी चार-चार दांडे वेगवेगळ्या उंचीवर असतात, आणि कुठला कप कधी काढायचा हे तो घड्याळाकडे न बघता ठरवतो. साखरेच्या बाबतीत ही मंडळी विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. काही जुन्या बारमध्ये कॉफी साखर घालूनच येते. नको असेल तर आधीच 'आमारो' सांगायचं. पावती काउंटरवर ठेवताना वर दहा-वीस सेंटचं नाणं ठेवायची पद्धत आहे. नाणं असेल तर दांडा जरा लवकर खाली येतो.

आता चव. दाणे काळे होईपर्यंत भाजलेले, रोबस्टा भरपूर, कपात जेमतेम दोन घोट. मिलानोच्या त्या वजनकाट्यावाल्या मुलानं ही कॉफी तोंडात धरली नसती. फळ नाही, फूल नाही, उंचीचा तर प्रश्नच नाही. धूर, काळा गूळ, आणि पाकासारखा दाटपणा. साखरेशिवाय मला ती जड गेली. अर्धा चमचा घातल्यावर मात्र सगळं जागेवर बसलं. ही कॉफी साखर धरूनच भाजलेली आहे. बिनसाखरेची पिऊन तिला नावं ठेवणं म्हणजे वरणभात मीठ न घालता जेवून स्वयंपाकाला नावं ठेवणं. सकाळी नऊला, सानिता भागातल्या एका बोळात, ती मी वहीतल्या सगळ्यांच्या वर चढवली. मिलानोची आंबट कॉफी कपापुरती जिंकते हे माझं मत तरीही कायम आहे. पण तिथे दुसरा कप घ्यावासा वाटला नव्हता, इथे वाटला.

त्या बोळातल्या दुकानात बसायला जागाच नाही. आत चार माणसं मावतात, पाचवा दारात. तरी जो तो आत शिरताना सगळ्यांना "बुओन्जोर्नो" म्हणतो आणि निघताना सगळ्यांचा निरोप घेतो. एका बाईंनी कॉफी एक घेतली आणि पैसे दोनचे दिले. हाच तो 'सोस्पेझो': दुसरी कॉफी कुणा गरजूसाठी राखलेली. मोठ्या चौकातल्या गाम्ब्रीनुस काफेत त्यासाठी वेगळं भांडंच ठेवलंय आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात. इथे बारवाल्यानं पावती नुसती खिळ्याला अडकवली.

सोमवार, नापोली

निघायच्या आधी पाव किलो कॉफी घेतली. दुकानदारानं विचारलं, घरी मशीन कुठलं? मोका, म्हणालो, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं. मग दळताना त्यानं माझी शिकवणीच घेतली: मोकात पूड सपाट भरायची नाही, मधे डोंगर करायचा, वर चमच्यानं एक भोक पाडायचं, गॅस अगदी बारीक ठेवायचा. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं तर तो उसळला, "डोंगर? अरे मामा, दाबली गेली की पाणी चढतच नाही. सपाट भर, दाबू नकोस. इथे सगळे तसंच करतात." त्याचं हे वाक्य मी दुकानदाराला मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये ऐकवलं. त्यानं पाकिटाचं तोंड दुमडलं, त्यावर चिकटपट्टी लावली, आणि विचारलं, मुलगा राहतो कुठे?

तोरिनोला, म्हणालो. त्यानं नुसता हात उडवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.